घडीमावशीचं दार

"कपडे नुसते मोजून आणू नकोस, पोरी. देणारीचं तोंड बघून ये. दर वेळी."

टोलेकाकांनी हे सांगितलं तेव्हा मुंगी माझ्या कडेवर होती आणि तिला त्यांच्या शर्टाचं बटण उपटायचं होतं, त्यामुळे माझं अर्धं लक्ष तिच्या मुठीकडे. मी म्हटलं, "काका, मी कपडे आणायला चाललेय, मुलगी बघायला नाही."

ते हसले नाहीत. "हस तू. पण बघून ये."

टोलेकाका आमच्या चर्चची घंटा वाजवायचे. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. चोपन्न वर्षं. वेदीमागच्या ज्या खोलीत फादर मिस्साचे, म्हणजे उपासनेचे, झगे चढवतात, तिला लागूनच त्यांची राहायची खोली. लग्न केलं नव्हतं. गल्लीतल्या पोरांनी कधीतरी टोलेकाका म्हणायला सुरुवात केली आणि त्यांचं बाप्तिस्म्याचं नाव नोंदवहीतच राहिलं. घंटेखेरीज त्यांचं एक काम होतं. वेदीवरचे वापरलेले कपडे सोमवारी घडीमावशीकडे पोचवायचे आणि शनिवारी धुतलेले आणायचे. त्या वर्षी ताप आला नसता तर ते काम माझ्याकडे आलंच नसतं.

तापाबद्दल मी फार लिहीत नाही. सगळ्यांना आठवतो. कोणाच्या दाराला पट्ट्या लागल्या, कोणाला गाडीत घालून नेलं, कोण परत आलं नाही. फादरनी सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना घरी बसवलं आणि टोलेकाकांना सांगितलं, "दोर ओढा, पण दाराबाहेर पाऊल टाकू नका." मी चर्चपासून तिसऱ्या दारात राहणारी, तिशीच्या आतली, शिवाय शिकलेली. म्हणून कपड्यांची टोपली माझ्याकडे आली.

मला खरं तर घराबाहेर पडायचंच नव्हतं. मुंगी चौदा महिन्यांची होती. रांगता रांगता फरशीवरचा प्रत्येक कण उचलून तोंडात घालायची, म्हणून तिचं नाव मुंगी. मी दिवसातून तीनदा फरशी पुसायची. रात्रंदिवस तिच्या कपाळाला हात लावून बघायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, हात लावून लावून तूच ताप आणशील तिला." नवरा इलेक्ट्रिशियन. तो घरी आला की मी त्याला दारातच कपडे बदलायला लावायची. तो हात वर करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "झडती झाली का? येऊ आत?"

असं होतं. मी सगळीकडे बघायची. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं मला वाटायचं.

घडीमावशी चर्चच्या मागच्या गल्लीत, शेवटच्या घरात राहायच्या. एकच खोली. खिडकीशी इस्त्रीचं लांब टेबल, कोपऱ्यात धुण्याची जागा आणि नळ, दाराशी एका पत्र्याच्या डब्यात लावलेलं झाड. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. एकेचाळीस वर्षं वेदीवरचे कपडे धूत होत्या. पहिल्या सोमवारी मी टोपली घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं आणि आतून, हातात इस्त्री घेऊन, शिकवायला सुरुवात केली. इस्त्रीसकट हातवारे करायच्या. मला धडकी भरायची.

"डिग्री आहे ना तुझ्याकडे?"

"आहे, मावशी."

"मग नऊपर्यंत मोजता येत असेल. हे बघ."

चषकाखाली वेदीवर एक पांढरा चौकोनी कपडा अंथरतात. मावशी त्याला नुसतं 'चौकोन' म्हणायच्या. मिस्साच्या वेळी पवित्र भाकरीचा एखादा कण पडला तर तो त्याच्यावर पडतो, आणि आमच्या श्रद्धेत तो कण म्हणजे कण नाही, ख्रिस्ताचं शरीर आहे. म्हणून त्या कपड्याचे नियम. पहिलं पाणी हाताने काढायचं आणि ते गटारात सोडायचं नाही, मातीत ओतायचं. मावशी ते दाराशी असलेल्या झाडाला घालायच्या. मग धुणं, मग इस्त्री, मग घडी. उजवा तिसरा भाग आत, डावा आत, मग खालचा वर आणि वरचा खाली. उलगडला की नऊ घरं दिसतात. वापरायची बाजू कायम आत, म्हणजे कण पडला असेल तर तो घडीतच राहतो.

"आणि बाहेरच्या बाजूने घडी घातली तर?"

"तर तू वेदीवर पालथं ताट मांडलंस," मावशी म्हणाल्या. "एकेचाळीस वर्षांत माझ्या हातून एकदाही झालेलं नाही. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा नाही. विचार तुझ्या टोलेला."

काकांना 'टोले' म्हणणारं एवढंच एक माणूस.

मग आम्ही व्यवस्था लावली. व्यवस्था मीच सुचवली, हे मला लिहिलंच पाहिजे. दाराबाहेर खिळ्याला टोपली अडकवायची. सोमवारी मी त्यात वापरलेले कपडे ठेवीन, शनिवारी त्या धुतलेले ठेवतील. कोणी कोणासमोर यायचं नाही. "तुमच्याही जिवाला बरं आणि माझ्या पोरीच्याही," मी म्हटलं. मावशींनी इस्त्री टेबलावर उभी केली आणि माझ्याकडे बघितलं. "बरं. टोले यायचा तेव्हा चहा घेऊन जायचा. तू नको येऊस. तुझं लहान आहे."

त्यांनी अगदी साधेपणाने म्हटलं. टोमणा नव्हता. मीच घरी येईपर्यंत तो टोमणा आहे असं स्वतःला पटवत आले, म्हणजे मग वाईट वाटून घ्यायची गरज उरली नाही.

त्याच महिन्यात फादरनी मला दुसरं काम दिलं. चर्चला सव्वाशे वर्षं होत होती आणि पुस्तिका काढायची होती. "तू इतिहास घेऊन शिकलीस ना," म्हणत त्यांनी जुन्या वह्यांची पेटी घरी पाठवून दिली. मुंगी झोपली की मी वह्या उघडायची. बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू, आणि एक रोजनिशी, जी पहिल्या फादरनी ठेवली होती.

आमचं चर्च साथीतूनच उभं राहिलं. सव्वाशे वर्षांपूर्वी इथे अशीच एक साथ आली होती, लोकांनी नवस केला, साथ ओसरल्यावर लाकडी चर्च बांधलं आणि ते साथीत माणसांना सांभाळणाऱ्या संताच्या नावाने वाहिलं. त्या संताची गोष्ट आमच्या इथल्या पोरांना पाठ असते. श्रीमंताघरचा मुलगा, सगळं वाटून टाकलं, गावोगाव फिरून रोग्यांची सेवा केली. मग त्यालाच रोग झाला. मांडीवर फोड आला. कोणाला आपला उपद्रव नको म्हणून तो एकटाच जंगलात जाऊन पडला. तिथे एक कुत्रा रोज तोंडात पाव घेऊन यायचा. म्हणून आमच्या मूर्तीत संत मांडी दाखवतोय आणि पायाशी तोंडात पाव धरलेला लाकडी कुत्रा. आत येणारं प्रत्येक पोर आधी त्याच्या नाकाला हात लावतं. नाकावरचा रंग कधीच उडाला, लाकूड गुळगुळीत झालंय. मुंगी संताकडे बघतच नसे. तिला भूभू हवा असायचा. तापाच्या दिवसांत फादरनी कुत्र्याभोवती दोरी बांधली, तर ती दोरीला लटकून रडायची. काका म्हणायचे, "रडू दे. या चर्चमध्ये एवढ्या तळमळीने कोणी संतासाठी रडलेलं नाही."

गोष्टीचा शेवट मी पुस्तिकेत एका ओळीत उरकला होता. कुत्र्याच्या मालकाला प्रश्न पडला की रोज एक पाव जातो कुठे. एक दिवस तो कुत्र्याच्या मागे गेला आणि त्याला तो आजारी माणूस सापडला. मला त्या मालकात काही विशेष दिसलं नाही. कुत्राच जास्त आवडला.

रोजनिशीत एक नोंद होती. साथीच्या वर्षी, चर्च बांधायच्या आधीच, संताची मूर्ती खांद्यावर घेऊन गल्लीगल्लीतून नेली होती. फादरनी लिहिलं होतं, "शेवटच्या घराचं दार उघडलं नाही. आम्ही बाहेरूनच आशीर्वाद दिला आणि पुढे गेलो." मला ती ओळ फार आवडली. बंद दार, बाहेर मेणबत्त्या, आशीर्वाद. मी ती पुस्तिकेच्या पहिल्या पानावर घातली. नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "छान आहे. पण दार का उघडलं नाही?"

"माहीत नाही. तसं लिहिलेलं नाही."

मृत्यूची वही त्याच पेटीत होती, बोटभर अंतरावर. मी ती उघडली नाही.

संताच्या दिवसाआधी नऊ दिवस संध्याकाळची प्रार्थना असते. त्या वर्षी बाकावर एक सोडून एक जागा, तोंडावर पट्ट्या, आणि आम्ही रोज म्हणायचो, "साथीच्या रक्षणकर्त्या, एकट्या पडलेल्या रोग्यांना विसरू नकोस." मी मुंगीला पोटाशी बांधून शेवटच्या बाकावर, दाराच्या वाऱ्यात बसायची. माझी प्रार्थना एकच असायची. हिला काही होऊ देऊ नकोस. बाकीच्या रोग्यांचं काय करायचं ते तू बघ.

सहावा दिवस शनिवार होता. सकाळी मी मुंगीला घेऊन कपडे आणायला गेले. घरी ठेवली असती, पण सासूबाईंना आदल्या दिवसापासून शिंका येत होत्या आणि मी तिला त्यांच्यापासून लांब ठेवत होते. म्हणजे बघा, किती विचार करायची मी.

टोपली खिळ्यावर होती. चौकोन वरच होता. उलटी घडी घातलेला.

मला एका नजरेत कळलं. बाजू बाहेर आली होती, कडा जुळत नव्हत्या आणि कोपऱ्यावर इस्त्रीचा पिवळा डाग, टोकदार, जळका. खालचे हात पुसायचे कपडे ओलसर होते. मी हाक मारली. "मावशी!"

आतून नळाचा आवाज येत होता. पाणी बादलीत पडत असल्यासारखा, भरलेल्या बादलीत.

"मावशी, चौकोन उलटा आलाय हो!"

नळ चालूच. मी दारापासून तीन हातांवर होते. दार नुसतं लोटलेलं आहे की कडी लावलेली, ते मला तेव्हा कळलं नाही, कारण मी हात लावून पाहिलं नाही. मुंगीने तेवढ्यात शिंक दिली. एकच. शेजारच्या दारावर पट्ट्या लावलेल्या होत्या, दोन दिवसांपूर्वी लावलेल्या, त्यांची टोकं वाऱ्याने फडफडत होती. मी स्वतःला सांगितलं, पाणी चालू आहे म्हणजे मावशी धूत आहेत. ऐकू येत नसेल. वय झालं. आणि कपडे काखेत मारून, रिकामी टोपली खिळ्याला परत अडकवून जवळजवळ पळत घरी आले.

हात तीनदा धुतले. मुंगीचे कपडे बदलले, कपाळ बघितलं. थंड. मग इस्त्री काढली, ओले कपडे वाळवले, दुसरा चौकोन घेतला आणि स्वतः घडी घातली. नऊ घरं, बाजू आत. चांगली जमली. मला बरंसुद्धा वाटलं.

सासूबाई दारातून बघत होत्या. "हिचं जळलं कसं? घडी कधी तिच्या हातून…"

"वय झालं, आई."

"माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे ती," सासूबाई म्हणाल्या आणि शिंकल्या.

जळलेला चौकोन टाकता येत नाही. वेदीवरचा कपडा खराब झाला तर तो जाळून राख मातीत घालतात आणि ते काम काकांचं. पण काकांना दिला असता तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता. म्हणून मी तो वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या झग्यांच्या खाली सरकवला.

सोमवारी मी वापरलेले कपडे घेऊन गेले. टोपली खिळ्याला मी शनिवारी परत अडकवली होती तशीच होती, मूठ डावीकडे. झाडाची पानं खाली लोंबत होती. नळ चालू होता. हे सगळं मला दिसलं. मी एकेक गोष्ट बघितली आणि प्रत्येकीला एकेक कारण दिलं. सोमवार धुण्याचा वार, म्हणून नळ. पाणी घालायला विसरल्या, म्हणून झाड. मी पुन्हा हाक मारली, या वेळी हळू. अगदी हळू. ऐकू येऊ नये इतकी हळू, असं आता मला वाटतं.

बुधवारी संताचा दिवस. सकाळी दहाची मिस्सा. काका पहाटेपासून मेणबत्त्या लावत होते. मी फुलं घेऊन वेदीमागच्या खोलीत गेले तर ते कपाटासमोर जमिनीवर बसलेले, मांडीवर जळलेला चौकोन. सणाचा जुना झगा काढायला खालचा कप्पा उघडला होता त्यांनी.

"हे कधीचं?"

"शनिवारचं."

त्यांनी कपडा उलगडला नाही. जशी घडी होती तशी दोन्ही हातांनी धरून ठेवली. "बाहेरून आहे," ते म्हणाले. मग, "तोंड बघितलंस?"

"काका, नळ चालू होता. आवाज येत होता. मी हाक…"

"तोंड बघितलंस का?"

मी मान हलवली. नाही.

दहाला पाच कमी होते. घंटा वाजवायची वेळ. काका उठले, दोराजवळून गेले, दोराला हात न लावता, आणि बाजूच्या दाराने बाहेर पडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस पळू शकत नाही, पण ते चालत होते तेही बघवत नव्हतं, एक हात भिंतीला लावत, दुसऱ्या हातात तो कपडा. मी मुंगीला बाकावर बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवर टाकलं, नवऱ्याला खुणेने बोलावलं आणि मागे धावले. आमच्यामागे घंटेशिवाय मिस्सा सुरू झाली.

मावशींच्या दाराखालून पाणी येत होतं. पायरीवरून गल्लीत, गटारापर्यंत एक स्वच्छ ओघळ. डब्यातलं झाड वाळलेलं, त्याच्यापासून वीतभरावरून पाणी वाहत चाललेलं.

काकांनी दार ठोकलं. "ए घडी! उघड! अगं टोले आलाय!"

आतून कडी होती; नवऱ्याने खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने बिजागरी काढली.

मावशी टेबल आणि नळ यांच्यामध्ये कुशीवर पडल्या होत्या. एक हात ओल्या फरशीवर, नळाच्या दिशेने. इस्त्रीची पिन काढून ठेवलेली होती, वायर नीट गुंडाळलेली. मोरीच्या तोंडाशी एक पांढरा कपडा अडकला होता, त्यामुळे पाणी तुंबून खोलीभर पसरलं होतं. ओठ फुटलेले. चार दिवस पाण्यात पडलेल्या माणसाचे ओठ वाळून फुटलेले होते. काकांनी स्वतःच्या तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि गाल त्यांच्या नाकाशी नेला. मी ओरडले, "काका, नको!" त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"आहे," ते म्हणाले. "श्वास आहे."

गाडी यायला पाऊण तास लागला. चर्चच्या मागच्या खिडक्या उघड्या होत्या आणि तिथून सगळ्यांचा आवाज येत होता. साथीच्या रक्षणकर्त्या, एकट्या पडलेल्या रोग्यांना विसरू नकोस. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. तेव्हासुद्धा आत गेले नाही. काकांनी ओंजळीतून पाणी पाजलं, नवऱ्याने कोरडं अंथरूण शोधलं, आणि मी दारात उभी राहून विचार करत होते की घरी गेल्यावर मुंगीला किती दिवस जवळ घ्यायचं नाही.

डॉक्टरांनी नंतर नवऱ्याला विचारलं, "किती दिवस पडून होत्या?" नवरा म्हणाला, "शनिवारी सकाळी टोपली ठेवली, म्हणजे त्यानंतर." डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. नवऱ्याने मला ते करून दाखवलं नसतं तर बरं झालं असतं.

मावशी शुक्रवारी दुपारी गेल्या. कोणालाच आत सोडत नव्हते. वॉर्डातली नर्स आमच्या चर्चची होती, तिने फोन केला. म्हणाली, "शुद्ध येत-जात होती. एकच सांगत होत्या. तुमच्यासाठीच असेल. त्या कपडेवालीला सांगा, चौकोन उलटा गेला, डोळ्यांपुढे अंधारी आली होती. वाईट वाटून घेऊ नकोस म्हणावं. टोलेला सांगू नकोस म्हणावं."

मी आधी ठरवलं होतं की ती घडी म्हणजे हाक होती. मदतीसाठी मुद्दाम उलटी घातलेली. त्यात मला एक प्रकारची शिक्षा मिळत होती आणि शिक्षा मिळाली की माणसाला थोडं हलकं वाटतं. पण तसं नव्हतं. तापात त्यांची चूक झाली होती आणि त्यांना त्या चुकीची लाज वाटत होती. जाता जाता त्या माझी माफी मागत होत्या.

काकांनी तो जळलेला चौकोन जाळला आणि राख डब्यातल्या झाडाच्या मुळाशी घातली. झाड काही उठलं नाही. त्यांनी मला एक तरी शिवी घालायला हवी होती. उलट दुसऱ्या रविवारी मुंगीला दोरीच्या आत नेलं आणि कुत्र्याच्या नाकाला हात लावू दिला. मी अडवलं नाही.

मृत्यूची वही मी त्यानंतर उघडली. शेवटच्या घराला बाहेरून आशीर्वाद दिला त्याच्या तिसऱ्या दिवशी, त्या घराच्या नावे चार नोंदी. एकाखाली एक. दोन लहान मुलं. मी फादरकडे गेले, म्हटलं पहिलं पान बदलायचंय. ते म्हणाले, "छापून झाली गं." ती ओळ अजून त्या पुस्तिकेत आहे, सुंदर अक्षरात.

पुढे काकांनाही ताप येऊन गेला. वाचले, पण छाती पूर्वीची राहिली नाही. दोर ओढला की तिसऱ्या टोल्याला थांबून खोकायचे. म्हणून चर्चने घंटेला यंत्र बसवायचं ठरवलं आणि ते माझ्या नवऱ्याने बसवलं. छोटी मोटर, वेळेचं घड्याळ, आत बॅटरी, म्हणजे वीज गेली तरी चुकायला नको. काका खाली उभे राहून बघत होते. पहिल्यांदा आपोआप टोले पडले तेव्हा म्हणाले, "छान. आता मी मेलो तरी कोणाला कळायचं नाही." सगळे हसले. मीही हसले. त्यांच्या बोलण्यावर दुसऱ्यांदा.

गेल्या वर्षी नवऱ्याला दुसरीकडे काम लागलं आणि आम्ही ते गाव सोडलं. रेल्वेने रात्रभराचा प्रवास आहे. सासूबाई आमच्याबरोबर आहेत. मुंगी आता साडेतीन वर्षांची आहे आणि मला आठवा महिना चाललाय. डॉक्टरांनी पलंगावरून उठायला मनाई केली आहे, नवऱ्याला रजा नाही. काकांकडे मोबाइल नाही. खोलीत चर्चचा एक जुना फोन आहे, तो मी दर रविवारी लावायची. आधी दहा-बारा वेळा वाजला की उचलायचे, धापा टाकत. "कोण? डिग्रीवाली का? भूभूवाली कशी आहे?"

तीन रविवार झाले. फोन वाजतो आणि बंद होतो.

मी ऑफिसात फोन केला. नवीन फादर आलेत, तरुण आहेत, त्यांच्याकडे तीन चर्च आहेत, रविवारी येतात आणि जातात. ऑफिसातली मुलगी चांगली आहे, पण तीही नवीन आहे. म्हणाली, "काका ना? मजेत असतील. बाहेर फारसे येत नाहीत, पण घंटा वेळेवर वाजते की. आत्ताच बाराची झाली. ऐकू आली का तुम्हाला?"

ऐकू आली. मी फोन धरून सगळे टोले ऐकले. एकही चुकला नाही. तिला मी समजावून सांगितलं, ती "हो हो, सांगते कोणाला तरी" म्हणाली. मी ओळखते तो आवाज. मी तशीच बोलायची.

म्हणून हे लिहिलं. वाचणाऱ्या कोणाला ते चर्च माहीत असेल. पायाशी कुत्रा असलेला संत, कुत्र्याच्या नाकावर रंग नाही. आत शिरल्यावर सरळ वेदीच्या डाव्या अंगाला जा, तिथे एक अरुंद दार आहे. ते ओलांडलं की झग्यांचं कपाट, आणि कपाटाच्या पलीकडे काकांच्या खोलीचं दार. ठोका. जोरात ठोका, त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. घंटा वाजत असली तरी ठोका. आतून रेडिओचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला, तरी बाहेरून परत फिरू नका. आत जा आणि त्यांचं तोंड बघून या. मग मला कळवा.